विचारल्याशिवाय पुसू नये

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे आणि आता दमलो आहे. डस्टरला कसला आलाय थकवा, असं तुम्ही म्हणाल. गणिताच्या लोकांच्या हाताखाली बावीस वर्षं काढून बघा म्हणजे कळेल. इतर विषयांची माणसं फळ्यावर चार शब्द लिहितात आणि बाकीचं तोंडाने सांगतात. गणिताची माणसं तोंड उघडत नाहीत, नुसता फळा भरत सुटतात. फळा भरला की माझी आठवण होते.

माझी पाठ एका दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाची आहे. सुताराने आमचे बारा तुकडे कापले आणि त्याच्या बायकोने प्रत्येकाच्या पोटाला जाड लोकरी पट्टी चिकटवली. माझी पट्टी चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, "हा जरा तिरका झालाय हो."

"फळाच पुसायचाय त्याला, लग्नाला नाही जायचं," सुतार म्हणाला.

तेव्हापासून मी तिरकाच आहे. माझं बोलणंही तसंच असेल तर माफ करा.

मी आलो ते थेट तिसऱ्या मजल्यावरच्या गणित विभागात, अगदी टोकाच्या खोलीत. तिथे भिंतभर काळा फळा, त्याखाली खडू ठेवायची लाकडी पट्टी, तीन रांगा बाकं आणि कुरकुरणारा पंखा. विभागाच्या प्रमुख मॅडमनी फळ्याच्या वर पांढऱ्या रंगाने एक ओळ लिहून घेतली होती: 'विचारल्याशिवाय पुसू नये.' पूर्वी कधीतरी त्यांचं अर्धवट काम कोणीतरी भाबडेपणाने पुसून टाकलं होतं आणि ते पुन्हा जुळवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून तिथे पद्धतच पडली. जो कोणी मला उचलेल त्याने मागे वळून विचारायचं, "पुसू का?" लिहिणाऱ्याने हो म्हटल्यावरच माझं काम सुरू. मोठमोठे प्राध्यापक नवख्या विद्यार्थ्यांना असं विचारायचे. शिपाईमामा तर रिकाम्या खोलीत फळा भरलेला दिसला की खाली जाऊन, ज्याचं अक्षर असेल त्याला शोधून विचारून यायचे.

मला सुखाचे दिवस दिसलेच नाहीत असं नाही. एकदा बाहेरून एक म्हातारे गणिती आले आणि दोन तासांत त्यांनी अख्खा फळा भरला. मॅडमनी कोपऱ्यात लिहिलं, 'पुसू नका.' नऊ दिवस मी पट्टीवर नुसता पडून होतो. तशी झोप मला पुन्हा लागली नाही.

मग मुंगी आली.

तिचं खरं नाव हजेरीपटात असेल, पण मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात मुंगी म्हटलं आणि तेच राहिलं. एवढा लांब फळा मोकळा असताना ती उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, मुंग्यांची रांग चालावी इतक्या बारीक अक्षरांत लिहायची. पोरगी हुशार. वडील शिंपी, घरात गणितात इतकं शिकणारी ती पहिलीच. तिला संशोधन करायचं होतं. मॅडमनी तिला एक छोटा प्रश्न दिला होता: काही ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि जोडलेले दोन ठिपके एका रंगाचे होऊ न देता कमीत कमी किती रंगांत काम भागेल. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण तो कोणीच सोडवलेला नव्हता.

ती सकाळी सातला, खोलीत कोणी नसताना यायची. पाच ओळी लिहायची, चार पुसायची. मी तिच्या हातात असायचो म्हणून मला ठाऊक आहे, तिचा तळवा कायम ओला असायचा. माझ्या लाकडाला घाम लागायचा. बाहेर पावलं वाजली की तिचा श्वास आखूड व्हायचा आणि ती सगळा कोपरा एका दमात पुसून टाकायची. बावीस वर्षांत एवढं बरोबर लिहिलेलं मी दुसऱ्या कोणाचं पुसलं नाही. मला गणित कळत नाही, पण मॅडम कशाला मान डोलावतात ते मी पाहिलेलं आहे.

दर गुरुवारी विभागातली सगळी मंडळी जमत आणि एकेकजण आपलं काम फळ्यावर मांडत असे. मुंगीची पाळी आली. तिने पहिली ओळ लिहिली, दुसरी, तिसरी, आणि मागे खोली गप्प झाली. आता, मित्रांनो, गणिताच्या खोलीत गप्प होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पटत नसेल तर ही माणसं लगेच बोलतात, मध्येच तोडतात. गप्प होतात ती वाचायला लागल्यावर. मुंगीला वाटलं, सगळ्यांना चूक दिसली आणि दयेने कोणी बोलत नाही. तिने मला उचललं, कोणाकडे वळली नाही, काही विचारलं नाही आणि तिन्ही ओळींवरून मला फिरवलं.

"अगं, पुसलंस कशाला? मी तिसऱ्या ओळीवर होते," मॅडम म्हणाल्या.

"चुकलं होतं, मॅडम."

ती खोलीतून गेली. मी पट्टीवर पडलो होतो आणि माझ्या पोटात तिची तिसरी ओळ होती. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पुढचं मला मामांमुळे कळलं, कारण मामा मला झटकताना माझ्याशी बोलतात. मुंगी जिन्यात बसली होती, छाती धरून, आपण मरतोय असं वाटून. मामा तिच्या शेजारच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मलाही होतं बाई असं. लिफ्टमध्ये. म्हणून तर मी रोज तीन मजले चढतो." हे त्यांनी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते तिला तळमजल्यावरच्या समुपदेशक बाईंच्या दारापर्यंत सोडून आले. ती दर मंगळवारी तिथे जाऊ लागली. त्याने ती एकदम बरी झाली असं समजू नका. तळवा ओलाच होता. पण घाबरण्याला काय म्हणतात ते तिला कळलं आणि ते घाबरणं म्हणजे गणितातली चूक नव्हे, एवढं ती स्वतःला सांगायला शिकली. कधी पटायचं, कधी नाही.

मग बाहेरगावच्या एका संस्थेत संशोधनाची जागा निघाली आणि निवड आमच्याच खोलीत ठरली. जागा एक, उमेदवार सहा. प्रत्येकाने मॅडम धरून तीन परीक्षकांसमोर अर्धा तास फळ्यावर आपलं काम मांडायचं. आदल्या सकाळी मुंगीने त्याच खोलीतून घरी फोन लावला.

"बाबा, माझ्याच्यानं नाही होणार. मी बँकेची परीक्षा देते."

फोन मोठ्या आवाजावर होता. मागे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"दे की. बँक काय वाईट आहे? पण उद्याचं एवढं होऊ दे."

"हात थरथरतो हो माझा."

"तीस वर्षं झाली, नवं कापड कापताना माझाही थरथरतो. मी एक करतो. कातरी लावायच्या आधी गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा विचारतो."

मामा तेव्हा बाकं पुसत होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला स्वच्छ झटकलं, पण नेहमीच्या पट्टीवर ठेवलं नाही. परीक्षकांच्या टेबलावर, मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. "अहो मामा, हा इथे कशाला?" मॅडमनी विचारलं. "असू द्या तिथेच," मामा म्हणाले आणि दार ओढून गेले.

मुंगी कोपऱ्यातूनच सुरू झाली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. खोली गप्प झाली. तिचा हात सवयीने पट्टीवर गेला. पट्टीवर खडूंशिवाय काही नव्हतं. ती वळली, तिने मला शोधलं, आणि मी तिला तिघांच्या समोर दिसलो. पळून जायचं तर दार चार पावलांवर. मला वाटलं, आता जातेच ही.

"पुसू का?" तिने विचारलं. आवाज जेमतेम निघाला.

मध्ये बसलेल्या पाहुण्या परीक्षकांनी वर पाहिलंही नाही. ते वहीत लिहीत होते. "छे छे, थांबा," ते म्हणाले, "माझं उतरवून व्हायचंय. जरा मोठं लिहा ना, या वयात दिसत नाही हो."

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमही लिहीत होत्या. तिसरे परीक्षकही. मुंगी खडू घेऊन फळ्याच्या मध्यावर गेली आणि तिने पुढच्या ओळी तिथे, वितीवितीच्या अक्षरांत लिहिल्या. एके ठिकाणी पायरी राहिली होती, ती पाहुण्यांनी दाखवली, तिने भरली. एका प्रश्नावर ती अडली. "हे मला माहीत नाही," ती म्हणाली. "आम्हालाही नाही," पाहुणे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

अर्धा तास संपला. पुढचा उमेदवार दाराशी होता. मॅडम मला घेऊन फळ्याशी आल्या आणि मुंगीकडे वळून त्यांनी विचारलं, "पुसू का?"

दोन वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, कारण तिने विचारण्यासारखं काही फळ्यावर राहूच दिलं नव्हतं.

"एक मिनिट, मॅडम," ती म्हणाली. "मला एकदा बघू द्या."

ती मागे बाकापर्यंत गेली आणि तिने आपलं काम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कोणी घाई केली नाही. मग म्हणाली, "आता पुसा."

जागा तिला मिळाली. भीतीही तिच्याबरोबर गेली, हे खोटं कशाला सांगू? मॅडमना तिची पत्रं येतात, त्यांत मंगळवारांचे उल्लेख असतात.

आता त्या खोलीत पांढरा फळा आला आहे आणि मी मामांच्या कपाटात आहे. माझी लोकर झिजून टक्कल पडलंय. मामा अजूनही महिन्यातून एकदा मला खिडकीबाहेर झटकतात आणि दर वेळी थोडी पांढरी धूळ निघते. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना असंच अधूनमधून झटकत जा, बरं वाटतं. आणि आपलं लिहिलेलं नकोसं होऊन हात माझ्यासारख्याकडे वळला, तर पुसायच्या आधी मागे वळून एकदा विचारा. कोणीतरी अजून उतरवून घेत असेल.