क्लेमचं चौथं मरण

ऑरिन हॅल्व्हरसनने अठरा वर्षं प्रयोगशाळेत काचा तडकवल्या. किती ताणाला कुठे तडा जातो ते मोजायचं आणि वहीत मांडायचं. मग एक दिवस ती नोकरी सोडून तो विज्ञानकथा लिहायला लागला. बायकोने कपाळावर हात मारला, पण पुढे अकरा पुस्तकं निघाली आणि घर चाललं. त्याचा जीव मात्र पुस्तकांत नव्हताच, तळघरातल्या सायक्लोस्टाईल यंत्रात होता. त्यावर तो विज्ञानकथांच्या शौकिनांसाठी दर दोन महिन्यांनी अंक काढी. ऐंशी प्रती काढून झाल्या की शाईने बरबटलेल्या हातांनीच जेवायला बसे.

या शौकीन मंडळींत स्वतःच्याच मरणाची खोटी बातमी एकमेकांना कळवायचा एक वाह्यात खेळ होता. ऑरिन अमेरिकेतल्या डुलुथ गावी, आणि त्याचा जिवलग क्लेम टॅकेट दूर टोलेडोला रेडिओ दुरुस्त करत बसलेला. दोघं वीस वर्षं हा खेळ खेळले. नियम एकच: खरंखोटं करायला जो फोन करेल, तो हरला. क्लेम आतापर्यंत तीनदा मेला होता. एकदा उल्का पडून, एकदा स्वतःच्याच कालयंत्राखाली सापडून. तिसऱ्या खेपेला साध्या न्यूमोनियाने, तेव्हा ऑरिनने घाबरून फोन केला, आणि क्लेमने वार्षिक संमेलनात भर सभेत त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. ते ऑरिनला फार लागलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी पोस्टकार्ड आलं. क्लेमच्या बायकोच्या, व्हर्नाच्या अक्षरात तीन ओळी. क्लेम मंगळवारी गेला. दफन शनिवारी दहाला. तू दोन शब्द बोलावेस अशी त्याची इच्छा होती.

ऑरिन हसला. फोन तरी कर, असं बायको म्हणाली, तर तिलाच वेड्यात काढलं. शास्त्रज्ञाची खोड, कार्ड खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरलं. आजाराचं नाव नाही, हळहळ नाही. नवरा गेल्यावर इतकं कोरडं कोण लिहितं? लबाडाने या वेळी बायकोलाही सामील केलं, असा निष्कर्ष काढून त्याने शनिवारी सकाळी तार ठोकली: "चौथ्या मरणाबद्दल अभिनंदन. या खेपेला अंगावर काय पडलं?"

रविवारी क्लेमच्या भावाचा फोन आला. तार घरून कुणीतरी चर्चमध्ये आणून दिली, वहिनीने वाचली, तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाहीये, एवढंच सांगून त्याने फोन ठेवला.

सोमवारी दुपारी ऑरिन टोलेडोला पोचला. दार व्हर्नानेच उघडलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, क्लेमनेच लिहायला लावलं," तो म्हणाला. "एक शब्द जास्त नव्हता त्यात. म्हटलं, त्याचा आजवरचा सगळ्यात भारी डाव हाच."

"त्यानेच लावलं," व्हर्ना म्हणाली. "दवाखान्यात म्हणाला, ऑरिनला साधं लिही, नाहीतर त्याला थट्टा वाटेल. मी तीन कार्डं फाडली, ऑरिन. त्यांत फार रडले होते मी."

मग अंगात कोट चढवून ती त्याला दफनभूमीवर घेऊन गेली. माती अजून ओली होती, थडग्यावरचा दगड यायचा होता. ती चार पावलं मागे उभी राहिली.

"बोल आता," ती म्हणाली. "शनिवारी सगळे थांबले होते तुझ्यासाठी."

अकरा पुस्तकं लिहिलेला माणूस टोपी काढून मातीच्या ढिगापाशी गेला. "क्लेम," एवढंच तो म्हणाला, आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.