माझ्या शेवटच्या कडव्याची चौथी ओळ

मित्रांनो, तुमची माझी ओळख जुनी आहे असं तुम्हाला वाटतं. गेल्या लग्नसराईत घाम निथळेपर्यंत नाचलात ना? 'ये कधीही, ये ये ये!' हो, तीच मी. पण तुम्ही नाचलात ते माझ्या नव्या कपड्यांवर. आतून मी नाटकातलं एक जुनं, जीव जाळणारं गाणं आहे. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते' म्हणत असतील, पण मी जन्मभर एका बाईच्या गळ्यात राहिले, म्हणून बाईसारखीच बोलते. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका नाटक कंपनीच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक पियानो होता, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. कंपनीच्या मास्तरांनी मला त्या दोन पट्ट्या चुकवत चुकवत बांधलं. तिसऱ्या अंकात नायिका एकटी बसलेली असते. नवरा परत येणार नाही हे सगळ्या थिएटरला ठाऊक असतं, फक्त तिला नसतं. माझा मुखडा होता, 'दार उघडे ठेवले मी, ये कधीही ये.' पहिल्या दोन कडव्यांत ती वाट बघते. तिसऱ्या कडव्यात ती उठते आणि स्वतःच्या हाताने दार लावून घेते. खरं सांगते, माझा सगळा जीव त्या तिसऱ्या कडव्यात होता.

नायिकेचं काम करणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तालमीत ताईंचे डोळे भरून आले की मास्तर पियानो थांबवायचे. "रडायचं काम लोकांचं. त्यांनी तिकीट काढलंय. तुम्ही नुसतं गा."

ताई गायच्या आणि लोक रडायचे. शेवटी रंगमंचावरच्या खऱ्या लाकडी दाराची लोखंडी कडी खट्कन पडायची आणि त्यावर पडदा. टाळी लगेच यायची नाही. आधी नाक पुसल्याचे आवाज यायचे.

आता एक गुपित सांगते. ताईंना अख्खं नाटक पाठ होतं, दुसऱ्यांची कामंसुद्धा. पण माझ्या शेवटच्या कडव्याची चौथी ओळ काही केल्या आठवायची नाही. पहिल्या खेळाला विसरल्या, आणि मग ती सवयच जडली. विंगेत वही घेऊन कंपनीचे प्रॉम्प्टर उभे असायचे. जन्मात कधी मोठ्याने बोलले नाहीत, म्हणून त्यांचं नाव हळू मामा. तिसरी ओळ संपली की ताई हळूच विंगेकडे मान वळवायच्या, मामा ओळ द्यायचे, ताई ती उचलायच्या. वर्तमानपत्रात काय छापून आलं माहितेय? 'ती मान वळवते तेव्हा काळजात चर्र होतं!' ते वाचून मामा आठवडाभर आतल्या आत हसत होते.

मामांच्या वहीचा एक नियम होता. शाईने खोडलं ते कायमचं गेलं. शिसपेन्सिलीने फुली मारली ते फक्त त्या दिवसापुरतं. एका दिवशी दोन खेळ असले की बाहेर पुढचे प्रेक्षक ताटकळायचे. मग मालक माझ्यावर घसरायचे. "ते शेवटचं कडवं गाळा, मुखड्यावर पडदा टाका." मामा नाखुशीने पानाच्या मागच्या बाजूला, जिथे ते कडवं लिहिलेलं होतं, पेन्सिलीची फुली मारायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचे. कंपनीचा अगदी शेवटचा दिवस दोन खेळांचाच होता. त्या दिवशी मारलेली फुली पुसायला पुढचा दिवस उजाडलाच नाही.

कंपनी बुडाली. मास्तर गेले, मग मामाही गेले. माझी तबकडी कधी निघालीच नव्हती, कारण मास्तरांचा हट्ट. "नाटकातलं गाणं नाटकात येऊन ऐका." पुढची कित्येक वर्षं मी ताईंच्या स्वयंपाकघरात काढली. भाजी निवडताना त्या मला अर्धवट गुणगुणत, आणि कुकरची शिट्टी झाली की सोडून देत. तेही दिवस वाईट नव्हते.

मग हळू मामांच्या नातवाला ट्रंकेत ती वही सापडली. पोरगा गुणी. गाणी नव्याने बांधायचं काम करायचा. त्याच्या आईला माझी चाल अर्धीमुर्धी येत होती. त्याने पानाचा फोटो काढला, पान उलटलं, फुली पाहिली. 'आजोबांनीच काढून टाकलंय,' असं म्हणाला आणि मागच्या बाजूचा फोटो घेतलाच नाही. नियम त्याला सांगणार कोण? महिन्याभरात घर विकलं आणि ट्रंकेतलं सगळं रद्दीत गेलं.

ढोल आले, ठेका आला, एका तरुण मुलीचा गोड गळा आला. दार उघडं ते उघडंच राहिलं आणि मी नाचायचं गाणं झाले. खोटं कशाला बोलू? सुरुवातीला मी हुरळून गेले. हॉटेलात मी, रिक्षात मी, मोबाइलच्या रिंगमध्ये मी! पण प्रत्येक वेळी ते 'ये ये ये' संपलं, की मला पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

ताई तेव्हा भाचीकडे राहायच्या. भाची कपडे शिवून द्यायची. ताईंना बरंच काही आठवेनासं झालं होतं. कधी भाचीचं नावसुद्धा. खालच्या दुकानात रेडिओवर मी लागले की ताई खुर्चीत ताठ बसायच्या. मी संपले की उठायच्या आणि घराचं दार लावून कडी घालायच्या.

"अगं मावशी, इस्त्री तापलीय, आधीच उकडतंय! दार कशाला लावतेस?"

"झालं ना आता," ताई म्हणायच्या.

भाची कपाळावर हात मारून दार पुन्हा उघडायची. दिवसातून चार चार वेळा हेच. एकदा ती वैतागून ओरडली. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. भाची नंतर मशीनवर डोकं टेकून रडली.

मग एका दुपारी मामांचा नातू आला. ताई हयात आहेत हे त्याला उशिरा कळलं होतं. भाचीने सहज दाराचं सांगितलं, आणि त्याचा चेहराच उतरला. त्याला ती फुली आठवली.

"आजी, पुढे अजून काही होतं का हो?" मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवत त्याने विचारलं.

ताई उठल्या. दाराशी गेल्या. आवाज चिरका झाला होता, पण सूर जागच्या जागी होता.

'दार आता लावते मी, वारा फार येतो,
दोन पेल्यांतून एक पेला फळीवरती जातो,
नाही राग, नाही रुसवा, डोळा तेवढा लागतो...'

मित्रांनो, माझ्या अंगात किती वर्षांनी जीव आला! आणि ताईंनी मान वळवली. नातू बरोबर त्याच बाजूला स्टुलावर बसला होता. आजोबांचंच नाक, आजोबांसारखंच वाकून बसणं.

ताई थांबल्या. हळूच म्हणाल्या, "मामा, ओळ?"

त्याने तोंड उघडलं. त्याच्याकडे ओळ नव्हती. तो नुसता रडायला लागला.

"द्या ना मामा," ताई म्हणाल्या. "लोक थांबलेत."

मग त्यांनी कडी घातली आणि खुर्चीत येऊन बसल्या. भाचीने त्या दिवशी दार उघडलं नाही. इस्त्रीच्या वाफेत तिघं तसेच बसून राहिले. पुढच्या महिन्यात ताई गेल्या.

नातवाने चौथी ओळ स्वतः लिहून बघितली. दहा वेळा लिहिली, दहा वेळा खोडली, शाईने.

तुम्ही म्हणाल, तू तर गाणं, तुला तुझीच ओळ कशी येत नाही? बाळांनो, गाण्याला स्वतःचं तोंड नसतं. तुमच्यापैकी कुणाला जेवढं येतं, तेवढीच मी. म्हणून तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस काही गुणगुणत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि शेवटपर्यंत ऐका. त्याने दार लावलं तर लगेच उघडू नका. आधी विचारा, पुढे काय होतं?

मला कुणी विचारलं, तर मी तीन ओळी सांगते आणि मान वळवते.