शिंप्याच्या दुकानातली दुसरी कामगार

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानात उभा असलेला एक जुना पुतळा आहे. माझा घाट बाईचा, पण डोक्यावर केस नाहीत, आणि एकदा फळीवरून कात्री पडली तेव्हा नाकाचा शेंडाही गेला. कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा आम्ही चाळीस जण अगदी एकसारखे होतो. बाकीचे मोठमोठ्या काचांच्या दुकानांत गेले. मी या दहा फुटी दुकानात आलो.

पण माझे दिवस मजेत गेले. नवा झगा आधी माझ्या अंगावर चढे. गिऱ्हाइकं म्हणत, "हिला बसलाय तसाच मला बसला पाहिजे." शिंपीमामा मान डोलावत. तसा बसणार नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक असे.

मग साथ आली आणि दुकानाला कुलूप लागलं. कित्येक महिने माझ्या अंगावर एकच कोट होता, तोही एका बाहीचा. भाडं थकलं. महिनाअखेर दुकान रिकामं करा, असं मालकाने सांगितलं. अशात छोट्या धंद्यांना सरकारी मदत मिळणार असल्याचं कळलं. मामा अर्ज भरायला बसले आणि एका रकान्यापाशी अडकले. किमान दोन कामगार हवे होते.

"मी एक," मामा म्हणाले. "दुसरा कुठून आणू?"

शेजारी काज करत बसलेल्या मामींनी वर पाहिलं आणि पुन्हा कापडात सुई घातली. मामांनी अर्जात 'एक मदतनीस' एवढंच लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तपासणी फोनवर, व्हिडिओ लावून होणार होती. मामांनी मला शिलाई मशीनमागे उभं केलं, डोक्याला रुमाल बांधला, तोंडाला मास्क लावला. नाक झाकलं गेल्यामुळे मी बऱ्याच वर्षांनी देखणा दिसत होतो. फोन मामींच्या हातात होता.

"त्या बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

"मदतनीस. कामात असली की मान वर करत नाही बघा."

"बाई, किती वर्षं आहात इथे?"

मी काय बोलणार!

"लाजाळू आहे," मामा घाम पुसत म्हणाले.

"मग हात तरी हलवा."

मामांनी मागून हळूच माझा हात ओढला. तो खांद्यातून निखळून त्यांच्याच हातात आला. फोनमधून साहेब किंचाळले.

तेव्हा मामींनी फोन स्वतःकडे वळवला. "घाबरू नका साहेब, तो पुतळा आहे. मदतनीस मी. एकोणतीस वर्षं काज, बटणं, हातशिलाई सगळं मीच करते. घरचीच बाई, कागदावर कशाला लिहायची, असं यांना वाटतं."

साहेबांनी काज करून दाखवायला सांगितलं. मामींनी फोन मामांकडे दिला आणि बोलता बोलता काज पुरं केलं. मामा माझा हात काखेत धरून खाली मान घालून उभे होते.

"यांचं नाव लिहून अर्ज पुन्हा पाठवा," साहेब म्हणाले. "आणि पगारही लिहा."

"पगार?" मामा दचकले.

"लिहा," मामी म्हणाल्या. "किती ते मी सांगते."

मदत आली, दुकान राहिलं. माझा हात मामींनीच बसवला.

मित्रांनो, आमच्या अंगावरची धूळ अधूनमधून झटकत जा आणि आमचे हात जपून ओढा, एवढं मागतो. आणखी एक. मी बोलत नाही, कारण मी प्लास्टरचा आहे. तुमच्या घरातलं कुणी वर्षानुवर्षं गप्प राहून राबत असेल, तर त्याचं कारण निराळं असतं. त्यांना एकदा विचारून बघा.