सगळ्या भावकीचा एक फोटो

सदाशिव पेठेतल्या मंदाकिनीबाई म्हणजे कवायतीच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिट्टी अजून त्यांच्या पर्समध्ये असे आणि कुठेही चार माणसं वाकडीतिकडी उभी दिसली की हात आपोआप त्या पर्सकडे जाई. बँकेत, दवाखान्यात, मिठाईच्या दुकानात लोक त्यांना बघून न सांगता रांगेत येत.

त्यामुळे भाचीचं, म्हणजे आनंदीचं लग्न ठरलं, तेव्हा तिची आई हेमा सरळ नणंदेकडे आली.

"वन्सं, बाकी सगळं होईल. ग्रुप फोटोंचं तेवढं तुम्ही बघा. मला त्या दिवशी कुणावर ओरडायचं नाहीये."

हेमाचं म्हणणं खरं होतं. थोरल्या मुलाच्या लग्नात "मामांकडचे कुठे गेले", "अहो, काकू हात धुवायला गेल्यात", "त्यांना बोलवा, तोवर यांना थांबवा" असं करता करता मसालेभात गार झाला होता, नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि दिगंबर, म्हणजे हेमाचा नवरा, एकाही फोटोत आला नव्हता. तो सबंध वेळ हरवलेली माणसं शोधत कार्यालयभर हिंडत होता.

"यात अवघड काय आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "माणसं स्टेजवर आणायचीच नाहीत. त्यांना त्यांच्या जागी बसवायचं आणि नवरा-नवरीला फिरवायचं. फिरणारी दोनच माणसं असली की हरवणार कोण?"

हेमा त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नव्हती.

लग्न हिंजवडीजवळच्या एका लॉन्सवर होतं. नवरा मुलगा संग्राम हा आनंदीच्याच कंपनीत, पण त्याचं घर मात्र कंपन्या येण्याआधीपासूनचं, गावातलं. त्याचे वडील सर्जेराव बांधकामाच्या व्यवसायात होते. मंदाकिनीबाई दिगंबरला घेऊन आधी लॉन्स बघून आल्या आणि मग तशाच सर्जेरावांच्या घरी गेल्या. चहा यायच्या आत त्यांनी बेत मांडला. मुलीच्या वडिलांकडचे आंब्याखाली, आईकडचे कडुनिंबाखाली, ऑफिसातले कारंज्यापाशी. प्रत्येकाच्या हातात उसाचा रस. नवरा-नवरी एकेका झाडाखाली जातील, फोटो निघेल, पुढच्या झाडाखाली जातील. जेवणाच्या आत सगळं उरकेल.

सर्जेराव मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, बेत एक नंबर आहे. पण आमची भावकी एका झाडाखाली मावायची नाही."

"मग दोन झाडं घ्या."

"वड असला तरी मावायची नाही."

दाराशी पलंगावर त्यांची आई बसली होती. तुळजाबाई. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बघणं असं की समोरच्याने बसताना परवानगी घ्यावी. त्या म्हणाल्या, "आमच्याकडचा फोटू एकच. समद्यांचा. ह्यो न्हाई, त्यो न्हाई, असं चालायचं न्हाई."

"काढू की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "उंचीप्रमाणे रांगा लावू. मी शाळेत हजार पोरं उभी केली आहेत."

सर्जेराव आणि तुळजाबाईंनी एकमेकांकडे बघितलं. मग सर्जेरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि अडचण सांगितली. त्यांचे दोन चुलते होते, दत्तोबा आणि गेनबा. दोघांच्यात एका बांधावरून भांडण झालं होतं. तो बांध आता कुठल्याशा कंपनीच्या वाहनतळाखाली गेला होता, पण भांडण शिल्लक होतं. दत्तोबा पुढच्या रांगेत असले तर गेनबा फोटोत येत नसत, आणि गेनबा पुढे असले तर दत्तोबा पाठ फिरवत.

"मग दोघांनाही पुढे बसवा," दिगंबर म्हणाला.

"बसवलं होतं एकदा," सर्जेराव म्हणाले. "मधे कोण, यावरून फोटोवाला घरी निघून गेला."

परतताना गाडीत दिगंबर म्हणाला, "ताई, तू उगाच हे अंगावर घेतलंस."

"दिगू, तू फक्त आंब्याखाली बस," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हलू नकोस. तुझं काम तेवढंच."

लग्नाचा दिवस लख्ख उजाडला. सनई वाजत होती, हवेत थोडा गारवा होता, आणि मंदाकिनीबाई जांभळ्या पैठणीवर गळ्यात शिट्टी घालून सकाळपासून लॉन्सवर हजर होत्या. अक्षता पडल्या आणि त्यांनी बेत सुरू केला. आंब्याखालचे आंब्याखाली, कडुनिंबाखालचे कडुनिंबाखाली. उसाचा रस आला. फोटोग्राफर श्यामसुंदर हे शनिवार पेठेतले जुने गृहस्थ. अशा शिस्तीची त्यांना सवय नव्हती, ते हरखून गेले. आनंदी आणि संग्राम हसत हसत एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जात होते आणि लोक बसल्या जागी पदर सावरून, रसाचे पेले मागे लपवून तयार होत होते. दिगंबर चक्क आंब्याखालच्या प्रत्येक फोटोत होता. मुलीकडचं सगळं इतक्या लवकर उरकलं, की हेमाला आता काय करावं कळेना. ती दोनदा रस प्यायली.

मग मुलाकडच्यांची पाळी आली.

सर्जेरावांनी नव्या जोडप्यावर फुलं उधळायला जेसीबी आणला होता. त्यांच्या बाजूला ती पद्धतच पडली होती. पिवळंधमक यंत्र झेंडूच्या माळा घालून लॉन्सच्या कडेला उभं होतं, पुढची भलीमोठी बकेट पाकळ्यांनी गच्च भरलेली, आणि चालवायला भैरू, भगवा फेटा बांधून. ती उधळण संग्रामच्या मित्रांनी ड्रोनने वरून टिपायची असं ठरलं होतं. तसं ते सोपंच होतं. ड्रोन घूं घूं करत वर गेला, नवरा-नवरी पुढे आली, भैरूने हौसेने बकेट उलटी केली, आणि निम्मा झेंडू जोडप्यावर आणि निम्मा ड्रोनवर पडला. ड्रोन एकदा गोल फिरला, जेवणाच्या मांडवाकडे तिरपा गेला आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात पडला.

मग आचाऱ्याने झाऱ्याने ड्रोन बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. त्याच्यावरून कोथिंबीर ओघळत होती. हशा असा उसळला की सनईवाले वाजवायचे थांबले.

"मठ्ठा गेला," दिगंबर आंब्याखालून म्हणाला. उठला मात्र नाही.

"आता रांगा," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

भावकी आली. येतच राहिली. फेटे, टोप्या, नऊवाऱ्या, जरीचे झगे, कडेवरची मुलं, हातात काठ्या घेतलेली म्हातारी माणसं. मंदाकिनीबाईंनी उंच मागे, ठेंगणे पुढे असं करायला घेतलं. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या. दत्तोबा आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. पांढरंशुभ्र धोतर, मिशा वळवलेल्या. गेनबा आले, त्यांनी ते बघितलं आणि सरळ जेवणाच्या मांडवाकडे चालू लागले. त्यांच्यामागे त्यांच्या घरचे चालू लागले. गेनबांना परत आणलं तेव्हा दत्तोबा उठले आणि त्यांच्या घरचे निघाले. एक बाजू भरली की दुसरी रिकामी होत होती. मंदाकिनीबाईंची शिट्टी वाजत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं कुणी ऐकत नव्हतं. हेमाच्या चेहऱ्यावर थोरल्याच्या लग्नातली कळा दिसायला लागली.

मंदाकिनीबाईंनी शिट्टी तोंडातून काढली. समोर ती हलणारी रांग होती, आणि रांगेच्या पलीकडे, फेट्यांच्या वर, जेसीबीची रिकामी बकेट हवेत तशीच उभी होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. वरून बघितलं, तर पुढची रांग कुठली आणि मागची कुठली?

"श्यामसुंदर," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यात चढा."

श्यामसुंदरांनी बकेटीकडे बघितलं. "बाई, मी शनिवार पेठेत तळमजल्यावर राहतो. ते मुद्दाम."

"भीती वाटते?"

"भीती नाही. मी चढणार नाही, एवढंच."

"बरं. तो कॅमेरा द्या इकडे."

त्यांनी पैठणीचा पदर कमरेला खोचला. श्यामसुंदरांनी कॅमेरा त्यांच्या गळ्यात घातला, सगळं लावून दिलं आणि हात जोडून म्हणाले, "फक्त हे बटण. बाकी कशालाही हात लावू नका. आणि खाली पडलात तर कॅमेरा वर धरा."

भैरूने बकेट जमिनीला टेकवली. मंदाकिनीबाई आत जाऊन बसल्या, आणि तेवढ्यात शेजारी कुणीतरी धपकन बसलं. तुळजाबाई.

"आई, तुम्ही कुठं," सर्जेराव धावत आले.

"ह्या पाव्हण्या वर एकट्या काय करतील?" तुळजाबाई म्हणाल्या. "त्यास्नी आपली मानसं कुठं वळखू येत्यात? भैरू, घे वर."

भैरूने मालकांकडे बघितलं, मग मालकांच्या आईकडे बघितलं, आणि दांडा ओढला.

बकेट हिसका देऊन उचलली गेली. दोघी एकमेकींच्या दंडाला धरून वर निघाल्या. आधी फेटे खाली गेले, मग मांडवाचं छत, मग आंब्याचा शेंडा समोर आला. वारा लागला. दूरवर कंपन्यांच्या काचा उन्हात चमकत होत्या आणि मधेच एखादं जुनं कौलारू घर दिसत होतं. मंदाकिनीबाईंनी मान बाहेर काढून खाली बघितलं, जत्रेच्या पाळण्यात पहिल्यांदा बसलेल्या मुलीसारखं. त्यांना हसू यायला लागलं आणि ते थांबेना.

"का वं हसता?" तुळजाबाईंनी विचारलं आणि त्याही हसायला लागल्या. त्यांच्या हसण्याने बकेट हलली, ती हलली म्हणून दोघी किंचाळल्या, आणि किंचाळल्या म्हणून पुन्हा हसल्या.

खाली गोंधळ थांबला होता. ज्याला त्याला वर बघायचं होतं. दत्तोबा खुर्ची सोडून उठले आणि गेनबाही मांडवातून परत आले. म्हातारी पडते की काय, ही काळजी दोघांना सारखीच होती.

"खुर्च्या काढा," मंदाकिनीबाई वरून ओरडल्या. "नवरा-नवरी मधे. बाकीचे त्यांच्याभोवती गोल. कसेही. रांग नको."

आपण हे काय बोललो, हे त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

"दत्तू, तू पोराच्या बाजूला," तुळजाबाईंचा आवाज आला. "गेनू, तू सुनंच्या बाजूला. आन् कुनी हललं, तर मी खाली उडी टाकीन."

कुणी हललं नाही. सगळी भावकी नवरा-नवरीभोवती दाटली आणि सगळ्यांचे चेहरे वर वळले. एवढे चेहरे, सगळे एकाच वेळी, उन्हाने डोळे बारीक केलेले, कपाळावर हात धरलेले, तोंडं उघडी. मधोमध आनंदी, मुंडावळ्या एका कानावर गेलेल्या, आत्याकडे बघून खदखदून हसणारी.

मंदाकिनीबाईंनी बटण दाबलं. पहिला फोटो तुळजाबाईंच्या पदराचा आला. दुसऱ्यात स्वतःचा अंगठा आला. तिसऱ्या वेळी तुळजाबाईंनी बकेटीच्या तळाशी राहिलेला झेंडू ओंजळीत भरला आणि खाली फेकला. खालची माणसं एकदम हसली, काहींनी हात वर केले, आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

"झाला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "जेवायला चला."

लोक पांगले. भैरू खालून हाताने खुणा करत होता, घेऊ का खाली.

"नगं," तुळजाबाई म्हणाल्या. "जरा थांब म्हनावं. गर्दी कमी हू दे."

दोघी पाय पसरून बसल्या. खाली पंगत बसत होती. मसालेभात वाफाळलेला होता, हे वरूनही दिसत होतं. आंब्याखाली दिगंबर एकटाच उरला होता. त्याला ऊठ म्हणायचं राहूनच गेलं होतं.

"तुमच्या भावाला बोलवायचं का वर?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नको," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तो येताना चार माणसं शोधायला जाईल."

तो फोटो थोडा तिरका आहे. डाव्या कोपऱ्यात बकेटीची कड आली आहे आणि गेनबांच्या मिशीवर झेंडूची पाकळी आहे. दत्तोबा सगळ्यांना सांगतात, की ते नवऱ्याला लागून आहेत म्हणून मानाची जागा त्यांची. गेनबा सांगतात, की नवरीशेजारची जागा त्याहून मोठी. दोघांच्या घरी दर्शनी भिंतीवर तो एकच फोटो आहे. सर्जेरावांनी एक मोठा करून हेमाकडे पाठवला, आणि तिने तो दिवाणखान्यात लावला.

लग्नानंतर काही दिवसांनी मंदाकिनीबाईंना फोन आला.

"पाव्हण्या, मी तुळजा बोलते. आमच्या दत्तूच्या नातवाचं लगीन ठरलंय. फोटूचं तुमी बघायचं."

"बघते की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "भैरू मोकळा आहे ना, तेवढं आधी विचारून ठेवा."