दारापर्यंतचे ठसे

शाळा सुटता सुटता माधवी वर्गाच्या दारासमोर उकिडवी बसून चाळणीनं राख पसरत होती. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचा धडा तिनं मोठ्या हौसेनं शिकवला होता. वटवाघूळ, साळिंदर, उदमांजर. चित्रं दाखवून झाली, आता खरे ठसे दाखवायचे होते.

"रात्री इथून कोण गेलं, ते सकाळी कळेल," ती म्हणाली.

एरवी शाळा डोक्यावर घेणारी पहिलीची पोरं चिडीचूप उभी होती. शेवटी भाग्यलक्ष्मी पुढं आली. तिची आई जाऊन महिनाही झाला नव्हता.

"बाई, वर बुट्टी झाकायची न्हाय?"

चाळण माधवीच्या हातातच राहिली. माणूस गेल्यावर पीठ पसरायचं, टोपलीखाली झाकायचं आणि ते कुठल्या जन्माला गेलं हे सकाळी ठशावरून ओळखायचं. आजोबा गेले तेव्हा तिच्या घरीही हे केलं होतं. हौस दांडगी, पण डोकं चालवायचं राहून गेलं.

"ही राख जनावरांसाठी आहे गं."

"आमच्यात कायबी उमटलं न्हवतं," पोरगी म्हणाली. "आजी म्हनती, आईला अजून वाट घावली न्हाय."

राख कोरी निघाली तर हिला काय सांगायचं, याच घोरात माधवी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शहापुरातल्या घरून काकतीच्या शाळेत आली. वेळ पडलीच तर स्वतःच्या बोटांनी ठसा काढायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

वेळ पडली नाही. कुंपणाकडून पाच-पाच बोटांचे लहान ठसे सरळ वर्गाच्या दारापर्यंत आले होते. परत गेलेला एकही नव्हता. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं.

पोरं जमली.

"उदमांजर," ती सावकाश म्हणाली. "चौकटीवरून वर चढलं असेल. दिवसभर कौलांखाली अंधारात झोपतं."

भाग्यलक्ष्मी ठशांजवळ बसली. हात मात्र लावला नाही.

"हितंच ऱ्हाईल?"

माधवीनं कुलूप काढायला उगाच वेळ लावला.

"राहील."

आत शिरल्या शिरल्या भाग्यलक्ष्मीनं खिडकी आवाज न करता लोटून घेतली. मग पलीकडची. पोरांनी दप्तरं अलगद खाली ठेवली. माधवीनंही दिवा लावला नाही.

बाराखडी अर्ध्यावर आली तेव्हा वर कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाजलं. सगळी पोरं कौलांकडं बघायला लागली. भाग्यलक्ष्मी तेवढी ओठांवर बोट ठेवून माधवीकडं बघत होती.

माधवी गप्प झाली.