बहात्तर अंशांची लंबरेषा

हरकरे सरांनी शामलाची वही सगळ्या वर्गाला दिसेल अशी उंच धरली आणि तिच्या आलेखावर कोनमापक टेकवला.

"लंबरेषा म्हणजे नव्वद अंश. शेंबड्या पोरालाही कळतं," ते म्हणाले. "आणि इथे किती भरतात? बहात्तरसुद्धा नाहीत!"

वर्ग खो खो हसला. वर्गाला काय, हसायला निमित्तच लागतं. अकरावी सायन्सच्या त्या तुकडीत मुली तिघीच, आणि त्यातली गोळीबार चौकातल्या विणकराच्या घरची शामला एकटी.

गणित काही डोंगर नव्हतं. y = 2x + 1 ही रेषा दिलेली. तिला लंब असणारी आणि y-अक्षाला 4 वर कापणारी रेषा शोधायची. दिलेल्या रेषेचा चढ दोन, म्हणजे लंबरेषेचा चढ उलटा आणि वजा: वजा एक द्वितीयांश. y-अक्षावरचा अंतःखंड चार. शामलानं लिहिलं होतं: y = −x/2 + 4. तेच उत्तर सरांनी फळ्यावर लिहिलं होतं.

"उत्तर बरोबर, चित्र चूक," सर म्हणाले. "मग उत्तर आलं कुठून? शेजारच्या बाकावरून. नक्कल करायची तर पूर्ण तरी करावी."

"मी स्वतः केलं, सर."

"ज्याला समीकरण काढता येतं, त्याला दोन रेघा ओढता येत नाहीत होय? गणित सोड आणि बायोलॉजीत जा. प्राचार्यांना मी सांगतो."

शामलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गणित सुटलं की इंजिनियरिंगचा रस्ताच बंद, आणि त्या रस्त्यासाठी तिनं घरी दोन वर्षं भांडून लग्नाचा विषय लांबवला होता. पण तोंडातून शब्द फुटला नाही. तिला स्वतःचाच संताप आला.

घरी येऊन तिनं दप्तर आदळलं. अनुसयाबाई, तिची आई, चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

"काय झालं वं?"

"सर म्हनतात मी नक्कल केली. साऱ्या वर्गासमोर म्हनलं."

आत माग थांबला. तिचा बाप, शालिकराम, बाहेर आला, पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "तू केली काय?"

"बाबा, तुम्ही पन?"

"मी फक्त विचारून राहिलो."

"पन विचारता काहून?" ती कडाडली. "तुमच्या पोरीवर भरोसा नाही तुमचा?"

शालिकराम मागाशी परत गेला, पण माग लगेच सुरू झाला नाही.

शामला न जेवता बसली. पुन्हा त्याच रेषा काढल्या, पुन्हा कोनमापक लावला. पुन्हा बहात्तरच्या आत! हे यंत्र आपली थट्टा करतं आहे असं वाटून तिनं तो कागद फाडायला हातात घेतला, आणि थबकली.

कागद घरचा होता. ग्राफचे कागद संपले म्हणून तिनं बापाच्या पेटीतला किनारीची नक्षी काढायचा चौकटींचा कागद वहीत लावला होता. लहानपणापासून तिनं त्याच्या घरांत रंग भरून फुलं काढली होती. विणताना एका इंचात ताण्याचे उभे धागे कमी आणि बाण्याचे आडवे धागे जास्त बसतात, म्हणून त्या कागदावर एका इंचात रुंदीला आठ घरं आणि उंचीला बारा. तसं नसेल तर साडीवरचं फूल चपटं येतं. हे तिला ठाऊक होतं, पण इतकं अंगवळणी पडलेलं की कॉलेजच्या गणितात ते आडवं येईल हे डोक्यातच आलं नाही. दोन्ही दिशांना पाच घरं म्हणजे एक एकक धरून ती मोकळी झाली होती. घर बुटकं, म्हणून दोन्ही रेघा दबल्या आणि कोनही दबला. समीकरणाला मात्र काही झालं नव्हतं.

राग उतरायला हवा होता, तो उलट वाढला. दोन गुणिले वजा एक द्वितीयांश, बरोबर वजा एक. लंब आहेत की नाहीत ते एका ओळीत कळलं असतं. सरांनी कोनमापक लावला, पण ती एक ओळ लिहिली नाही!

दुसऱ्या दिवशी हजेरी व्हायच्या आधीच ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"या कागदाची घरं मोजा, सर. इंचात आडवी आठ, उभी बारा."

सरांनी मोजली. समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"असला कागद वापरायचाच कशाला?"

"ती माझी चूक. चित्राचे मार्क कापा. पण चढांचा गुणाकार वजा एक येते. तो तुम्ही करून पाहिलाच नाही."

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"बरं, राहा गणितात. जा, बस."

शामला हलली नाही. "नक्कल नव्हती, ते सांगा."

"म्हटलं ना, राहा!" सर फळ्याकडे वळले, खडू उचलला, तारीख लिहिली. तारीख लिहून झाली तरी ती तिथेच होती.

"नक्कल नव्हती," ते फळ्याला म्हणाले.

"तिकडे नाही, सर. काल तुम्ही वर्गाकडे तोंड करून बोलले होते."

सर सावकाश वळले. "शामलानं नक्कल केलेली नव्हती," ते पुटपुटले.

काल सगळ्यांत जास्त हसणारी पोरं मागच्या बाकांवर होती. शामलानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"मागं ऐकू नाही गेलं, सर."

सरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग ती जागेवर जाऊन बसली. आणि त्या आलेखाखाली, कागदावर वळ उठेल इतकं पेन दाबून, तिनं लिहिलं: 2 × (−1/2) = −1.