मी, माझी मोटर आणि अर्धी किटली चहा

मी एक स्लायडर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. दोन लांब नळ्या, त्यांवरून सरकणारी एक पाटी आणि पाटीवर बसणारा कॅमेरा, एवढाच माझा संसार. पडद्यावरचं दृश्य न हिंदकळता हळूच पुढे सरकतं ना, तेव्हा खाली मी असतो. नटाचं कौतुक होतं, कॅमेऱ्याचं होतं, माझं नाव कुणी घेत नाही. असो.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एवढंच, की तिथे माझ्या पोटाशी एक काचेची कुपी बसवली. तिच्यात हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की मी अगदी सपाट आहे असं समजायचं. या बुडबुड्याचा मला भारी अभिमान होता. पुढे त्यानेच घात केला.

कासाब्लांकाच्या एका दुकानात मी काचेआड उभा होतो. एके दिवशी तुदा आली आणि तिच्यामागून धापा टाकत तिचा हम्मूमामा. तुदा सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेली, पहिलाच माहितीपट करायला निघालेली. मामा मूळचा वारझाझात गावचा. तिथे परदेशी सिनेमावाल्यांचे कॅमेरे उंटावर, रथावर, किल्ल्याच्या तटावर घट्ट बसवून देण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

मला त्यांनी लगेच पसंत केलं. भांडण लागलं ते मोटरीवरून. दुकानदाराने दोन मोटरी पुढे ठेवल्या. एक सडपातळ, आवाज म्हणून नाही. दुसरी जाडजूड, चढउतारावरही कॅमेरा धरून ठेवणारी, पण घरघर करणारी.

"जाडी घे," मामा म्हणाला. "काम करणारी बाई वाटते."

"मामा, ही घोरते! मला पाण्याचा आवाज घ्यायचाय, हिचा नाही. आणि मी हा सपाटच लावणार. बुडबुडा कशाला दिलाय मग?"

"तुझं शिक्षण मोठं, बाई. मी आपला खिळे ठोकणारा."

सडपातळ मोटर माझ्या टोकाला बसली. शिवाय कॅमेरा हवा तसा वळवायला एक गोल डोकं, दोन पकडी आणि चार पाय घेतले. मामाने आपली जुनी लोखंडी पेटीही सोबत घेतली. तिच्यात स्क्रू, कड्या, कप्प्या, दोऱ्या, काय वाट्टेल ते. "भंगार कशाला?" असं तुदा म्हणाली. मामाने ऐकू न आल्यासारखं केलं.

आम्ही पोचलो तुदाच्या आईच्या गावी, स्कूराच्या पलीकडे. तिथे डोंगरातलं पाणी मातीच्या पाटाने येतं आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतात सोडलं जातं. पाळी मोजायचे अस्सूबाबा. त्यांचं घड्याळ म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. बादलीतल्या पाण्यावर ती ठेवायची. हळूहळू भरून ती बुडाली की एक वाटी झाली. लगेच बाहेर काढायची, रिकामी करायची, पुन्हा ठेवायची. तुदाच्या आईच्या वाट्याला होत्या तीन वाट्या. अडतीस वर्षांत अस्सूबाबांनी बुडालेली वाटी पाण्यात क्षणभर राहू दिली नव्हती.

पण आम्ही आलो ती पाळी शेवटची होती. दुसऱ्या दिवशी पाटात नळ घालून वर माती लोटणार होते. पाणी पुढेही येणार, पण दिसणार नाही. तुदाला हवं होतं ते एकच दृश्य: कोरड्या पाटातून, धूळ आणि काटक्या ढकलत पुढे येणारं पाण्याचं पहिलं टोक, आणि त्याच्या जोडीने सरकणारा कॅमेरा. हे चुकलं तर पुन्हा म्हणायला वावच नव्हता.

तालीम तिने आईच्या अंगणात केली होती. अंगण सपाट, बुडबुडा मधोमध, सगळे खूश. पाळीच्या सकाळी तिने मला पाटावर मांडलं, तेही तसंच सपाट. मोटर चालवली. कॅमेरा निघाला आणि पाट त्याच्यापासून लांब लांब जाऊ लागला. मी सपाट, पाट उतरता.

अस्सूबाबा बादलीपाशी बसून बघत होते. "पोरी, पाणी सपाटीवर थांबलं की त्याला आम्ही डबकं म्हणतो."

तुदाचा चेहरा उतरला. तिने घाईने माझे उताराकडचे पाय आखूड केले. मी तिरका झालो, बुडबुडा वरच्या टोकाला पळाला, आणि कॅमेरा घसरत सुटला. सडपातळ मोटरीला तो धरवेना. दोनदा धडपडून ती गप्प बसली. खरं सांगतो, मला शरमेने मेल्यासारखं झालं.

"शेजाऱ्यांची पाळी किती राहिली, बाबा?" तुदाने विचारलं.

"एकच वाटी. मग तुमचं पाणी."

मामाने जाड मोटरीचं नावसुद्धा काढलं नाही. पेटी उघडून त्याने एक कप्पी माझ्या वरच्या टोकाला पक्की केली. कॅमेऱ्याच्या पाटीला दोरी बांधली आणि कप्पीवरून बांधाच्या पलीकडे सोडली. "तिकडे वजन लटकलं की कॅमेरा घसरणार नाही. मग तुझी नाजूक राणी त्याला सहज चालवील. वजन आणा!"

हाताशी होती तुदाच्या आईने आणलेली चहाची किटली, काठोकाठ भरलेली. ती अडकवली, तर कॅमेरा उलटा वर निघाला.

"जड झाली," मामा ओरडला. "प्या!"

आणि मग त्या बांधावर काय चहापान चाललं म्हणता! चटके बसत होते तरी सगळे भराभर पेले रिकामे करत होते. तुदाची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "माझ्या हातचा चहा असा कुणी प्यायला नव्हता रे! गुरं बरी!" इकडे वाटी निम्मी भरली होती. कॅमेरा अजून वरच ओढला जात होता.

"बाबा, तुम्ही एक घ्या ना!"

"चौथा आहे हा," अस्सूबाबा म्हणाले. डोळे वाटीवर ठेवूनच त्यांनी तो संपवला.

कॅमेरा थांबला. ना वर, ना खाली. अर्धी किटली बांधापलीकडे शांत लोंबकळत होती. त्याच वेळी वाटी बुडाली.

"सोडा!" अस्सूबाबांनी हाळी दिली.

पाणी आलं. फेसाळत नाही, चाचपडत. एखादी वाळकी काडी उचलायचं, जरा थांबायचं, पुढे सरायचं. तुदा बटणावर बोट ठेवून मोटरीचा वेग कमीजास्त करत होती आणि मी पाण्याच्या बरोबरीने उतरत होतो. पलीकडे किटली वर चढत होती. मोटरीने हूं की चूं केलं नाही. शेवटच्या टोकाला कॅमेरा थांबला, किटली कप्पीवर आपटून कलंडली आणि गोड चहा थेट मामाच्या डोक्यावर. पण दृश्य मिळालं होतं. तुदा हसत होती की रडत होती, ते तिलाही कळत नव्हतं.

काल आईच्या खोलीत खिडक्या लावून तिने ते पांढऱ्या भिंतीवर दाखवलं. पाट केव्हाच बुजला आहे. अस्सूबाबा सवयीने बादली आणि वाटी घेऊन आले होते. पाणी भिंतीवर आलं, तशी त्यांनी वाटी बादलीत ठेवली. दृश्य संपलं.

"पुन्हा सोड," ते म्हणाले.

तुदाने पुन्हा सोडलं.

"किती वेळा सोडता येतं?"

"हवं तितक्या वेळा, बाबा."

"कुणाच्या वाट्यातून?"

"कुणाच्याच नाही."

वाटी भरली आणि बुडाली. अस्सूबाबांचा हात उठला नाही. ते भिंतीकडेच बघत राहिले. तिकडे बघतच म्हणाले, "मग आणखी एकदा सोड. आणि आज चहा सावकाश प्यायचा."

मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो, अजूनही तिरकाच. मामाची कप्पी माझ्या टोकाला तशीच आहे. ती काढायची नाही, असं तुदाने बजावलं आहे. तिच्याखाली चहाचा एक चिकट डाग आहे, तोही तिने पुसलेला नाही. तर मंडळी, कधी माझ्या जातभाईला घ्यायला दुकानात गेलात, तर मोटर निवडण्याआधी एकदा जागेवर जाऊन उतार बघून या. आणि जाताना मामा सोबत असला तर त्याची पेटी नाकारू नका.